साडेदहाचं पाणी

पास्टर कमळाकर भिंगारदिवे यांना देवाने दोन देणग्या दिल्या होत्या. एक खणखणीत आवाज, आणि दुसरी त्या आवाजावरचं निस्सीम प्रेम. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, हरेशभाईंच्या जीन्सच्या शिलाई कारखान्यावर जो लांबट हॉल आहे, तिथे त्यांची मंडळी भरायची. मंडळी म्हणजे साठ-सत्तर माणसं, तीन सतरंज्या, म्हाताऱ्यांसाठी बारा खुर्च्या, एक कीबोर्ड आणि एक माइक. माइकची गरज पास्टरना कधीच पडली नव्हती, पण तो हातात असला की त्यांना बरं वाटायचं.

रविवारी दहा ते बारा हरेशभाई खालची मशिनं बंद ठेवायचे. "फादर का भाषण है, आवाज नाय पाहिजे," असा कारागिरांना दम असायचा. फादर वेगळे आणि पास्टर वेगळे, फादर लग्न करत नाहीत, हे पास्टर त्यांना तेवीस वर्षं समजावून सांगत होते. हरेशभाई मनापासून मान डोलवायचे आणि निघताना म्हणायचे, "बरोबर फादर. भाभीजीको सलाम बोलना."

तर असे हे पास्टर. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा एक विचार पडायचा. विषय नेहमी घरातलाच. कांदा चिरताना येणारं पाणी आणि पश्चात्तापाचं पाणी. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसणारा माणूस आणि शेजाऱ्यावरची प्रीती. खोटं कशाला बोला, ते विचार खरोखर चांगले असायचे. बदलापूरच्या शिरगावातली पोरंसुद्धा ते पुढे पाठवायची. विश्वास हा रविवारच्या कपड्यांसारखा घडी घालून ठेवायचा नसतो, रोज अंगावर घालायचा असतो, हे पास्टरचं आवडतं सांगणं होतं. आणि ते सांगणाऱ्या माणसाकडूनच ही गोष्ट घडली.

झालं असं की, पाण्याची वेळ बदलली. वर्षानुवर्षं संध्याकाळी पाचला येणारं पाणी एकाएकी सकाळी साडेदहाला यायला लागलं, ते साडेअकरापर्यंत. बाकीचे सहा दिवस ठीक होतं. पण रविवारी साडेदहाला पास्टरचा उपदेश सुरू व्हायचा. गाणी झाली, प्रार्थना झाली, शास्त्रवाचन झालं, पास्टरनी माइक हातात घेतला, घसा साफ केला, की मागच्या सतरंजीवरून एक बाई उठायची. मग दुसरी. मग चार जणी पदर सावरत, कुणाच्या पायाला पाय न लावता, चोरासारख्या जिना उतरायच्या. पहिल्या रविवारी पास्टरनी काणाडोळा केला. दुसऱ्या रविवारी त्यांनी आवाज चढवला. तिसऱ्या रविवारसाठी त्यांनी आठवडाभर तयारी केली.

त्यांनी त्या दोन बहिणींची गोष्ट घेतली, जी ठाऊक नाही असा ख्रिस्ती माणूस सापडायचा नाही. प्रभू घरी येतो, एक बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकते आणि दुसरी स्वयंपाकघरात राबून कुरकुर करते, आणि प्रभू ऐकणारीलाच शाबासकी देतो. पास्टर त्या दिवशी असे काही रंगले होते की पंख्याचा आवाजही ऐकू येईना. आणि नेमक्या त्याच वेळी, खुर्च्यांच्या पहिल्या ओळीतून गोजरबाई शिरसाट उठल्या.

गोजरबाई म्हणजे मंडळीचं जुनं खोड. वय बासष्ट, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, पलीकडच्या गल्लीतल्या जुन्या लष्करी बराकीत एका खोलीचं घर. जीन्सच्या पँटींचे सुटे धागे कापायचं काम त्या घरी करायच्या, त्यामुळे त्यांच्या लुगड्याला एखाददुसरा निळा दोरा कायम चिकटलेला असायचा. मंडळी स्थापन झाली तेव्हापासून, महिन्यातून एकदा उपासनेत मोडून सगळ्यांना वाटायची प्रभुभोजनाची भाकर त्याच करत आल्या होत्या. साधी, गव्हाची, बिनखमिराची. अशी बाई पहिल्या ओळीतून उठते म्हणजे काय!

"गोजरबाई," पास्टर माइकमध्येच म्हणाले, "एवढी घाई? उद्या स्वर्गाच्या दारात देवदूत म्हणेल, 'या, आत या,' आणि आमच्या गोजरबाई विचारतील, 'आधी सांगा, हितं पाणी किती वाजता येतं?'"

सगळी मंडळी हसली. साधंसुधं नव्हे, चांगलं खदाखदा हसली. लहान पोरं तर मोठी हसतात म्हणून हसली. गोजरबाई जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. त्यांनी पास्टरकडे पाहिलं, मग हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि त्या खाली उतरून गेल्या.

त्या दिवशी पास्टर एकदम खुशीत घरी आले. घरी म्हणजे फार लांब नव्हे, हॉलच्या मागच्याच दोन खोल्यांत. त्यांची बायको सगुणाबाई, मंडळीची पाळकीणबाई, पाय उशीवर ठेवून पलंगावर बसली होती. पंधरवड्यापूर्वी शहाड स्टेशनच्या जिन्यावर घसरून तिचा घोटा मोडला होता आणि प्लास्टर अजून उतरायचं होतं. तशाही अवस्थेत ती आज मागच्या दाराशी खुर्ची टाकून उपासनेला बसली होती.

"काय, रंगला ना आजचा उपदेश?" पास्टरनी विचारलं.

"लोक हसले," सगुणाबाई म्हणाली.

"हो ना! किती दिवसांनी मंडळी अशी जागी होती."

"तुम्हीपण हसलात."

एवढंच बोलून तिने तोंड फिरवलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात पास्टरना एक गोष्ट पक्की कळली होती. सगुणाबाई भांडली तर समजावं, सगळं ठीक आहे. ती गप्प बसली तर समजावं, आपलं काहीतरी चुकलंय. पण काय चुकलं ते त्यांच्या लक्षात येईना, आणि विचारायचा धीरही होईना.

पुढच्या रविवारी गोजरबाईंची खुर्ची रिकामी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही रिकामी. बाकीच्या बायका साडेदहाला उठायच्या बंद झाल्या होत्या, माना खाली घालून पूर्ण उपदेश ऐकत होत्या. पास्टरनी नेमकं जे मागितलं होतं ते त्यांना मिळालं होतं, आणि त्यांना त्याचा आनंद होईना. त्या रिकाम्या खुर्चीकडे नजर गेली की तोंडातलं वाक्य अर्धंच राहायचं.

त्यात महिन्याचा पहिला रविवार जवळ आला, म्हणजे प्रभुभोजनाचा. आणि इथे पास्टर आपल्याच फासात सापडले. या मंडळीत एक कडक नियम होता, तो दुसऱ्या कुणी नाही, खुद्द पास्टरनीच घातला होता. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने प्रभुभोजनाच्या आधी जाऊन समेट करायचा. समेट झाला नसेल तर भाकरीचं ताट समोर आल्यावर हात मांडीवर ठेवून बसायचं. अंबरनाथच्या दोन सख्ख्या भावांना गॅलरीच्या पत्र्याच्या भांडणापायी पास्टरनी सात महिने तसं बसवलं होतं. सातव्या महिन्यात ते दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, आणि ती साक्ष पास्टर अजूनही अभिमानाने सांगत.

आता गोजरबाईंनी माफ केलं नाही, तर पहिल्या रविवारी हात मांडीवर ठेवून बसायची पाळी पास्टरचीच होती. नाहीतर सगळ्यांदेखत खोटेपणाने भाकर मोडायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बुधवारी सकाळी मंडळीच्या ग्रुपवर विचार पडलाच नाही. 'पास्टर, तब्येत बरी आहे ना?' असे अकरा मेसेज आले.

"मी गोजरबाईंकडे जाऊन येतो," त्या रात्री जेवताना ते सगुणाबाईला म्हणाले.

सगुणाबाईने पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या ताटात न मागता भाजी वाढली. "जा," ती म्हणाली. "पण पाण्याच्या वेळेला जा. साडेदहाला."

"त्या वेळी ती कामात असेल."

"म्हणूनच सांगते."

गुरुवारी पास्टर साडेदहाला बराकीत पोचले. एरवी या वेळी ते अंबरनाथ नाहीतर बदलापूरच्या घरभेटींना गेलेले असत, त्यामुळे पाण्याची वेळ बदलल्यापासून या वेळची गल्ली त्यांनी पाहिलीच नव्हती. गोजरबाईंच्या दाराशी सखल जागेत एक नळ होता, आणि साऱ्या गल्लीत त्यालाच काय तो जोर होता. हंडे, कळश्या, बादल्या, ऑइलचे जुने डबे यांची रांग लागली होती. गोजरबाई पाटावर बसून नळाचा ताबा सांभाळत होत्या. कुणाची बादली भरली, कुणाची उरली, सगळं त्यांच्या डोळ्यांत होतं.

"सलाम, गोजरबाई," पास्टर म्हणाले.

"सलाम, पास्तर. बसा. पाणी चालू हाय, मला उठता यायचं नाय."

पास्टर उंबऱ्यावर बसले. दोन कळश्या गोजरबाईंनी समोरच्या आंधळ्या म्हातारीच्या दारात ठेवल्या. एक बादली बाळंतिणीकडे गेली. मग त्यांनी नळाच्या तोंडाला एक लांबलचक हिरवी नळी लावली आणि वर फडक्याची घट्ट गाठ मारली. नळी जमिनीवरून सरपटत भिंतीपर्यंत गेली होती, भिंतीवरून पलीकडे उतरली होती.

"ही कुठं जाते एवढी लांब?" बोलणं कुठून तरी सुरू करायचं म्हणून पास्टरनी विचारलं.

गोजरबाईंनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुमच्याकडं."

"आमच्याकडं?"

"कारखान्याच्या मागं तुमचं पिंप नाय का, जिन्याखाली? त्यातच सोडते. तुमच्या नळाला हल्ली पाणीच चढत नाय. आधी पाळकीणबाई हितून हंडे न्यायच्या. त्यांचा पाय मोडला, मग मी हरेशशेठकडून नळी मागून आणली."

पास्टरच्या तोंडचं पाणी पळालं. रोज संध्याकाळी पाचला बटण दाबून मोटर लावायची आणि पिंपातलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, हे त्यांचं घरातलं एकमेव काम होतं. ते बटण दाबताना 'मी पाणी भरतो' असं ते म्हणत, आणि तसंच समजतही होते. पिंपात पाणी कुठून येतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"म्हणजे त्या रविवारी..." पास्टर म्हणाले.

"तुमचंच पिंप भरायला उठली होती. आदल्या दिवशी पाणी कमी आलं होतं ना. म्हनलं, पाळकीणबाईंची टाकी कोरडी पडायची."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"मीच शब्द घेतला पाळकीणबाईंकडून. म्हनलं, सायबांना सांगू नका. उगा उपदेशाची तयारी सोडून हंडे उचलीत बसतील. तेन्ला ती सवय नाय, कंबर धरंल."

त्या रविवारी सकाळी ज्या पाण्याने पास्टरनी आंघोळ केली, ज्या पाण्याचा चहा पिऊन ते माइकपुढे उभे राहिले, ते पाणी कुणी भरलं होतं ते आता उघड झालं. आणि त्या दिवसानंतरही पिंप एकदासुद्धा रिकामं राहिलं नव्हतं. पास्टरना भयंकर लाज वाटली. डोळे भरून आले, आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

"गोजरबाई, मला माफ करा," ते म्हणाले. "मी चुकलो. फार चुकलो."

"माफ केलं हो. कवाच केलं. तुमच्यावर राग ठिवून मी कुठं जाऊ?"

"मग रविवारी या."

गोजरबाईंनी नळी पिंपासाठी चालू ठेवली आणि हात पदराला पुसले.

"ते नाय जमायचं," त्या म्हणाल्या. "भाकर पाठवीन मी. ती चुकायची नाय. पर मी येनार नाय."

"का?"

"पास्तर, तुमी बोलला त्याचं मला काय नाय. तुमी बापासारखं बोलता, कधी जास्त बी बोलता. पर लोक हसले. माझा नवरा दारू पीत होता, तेव्हा बाहेर लय लोक हसले मला. मंडळीत कधी कुणी हसलं नव्हतं. तेवढी एकच जागा होती. आता जिन्याची पायरी चढायचं मनात आलं का ते हसू ऐकू येतं. तुमी हितं उंबऱ्यावर बसून माफी मागितली, देवानं ऐकली. पर जे हसले तेन्नी कुठं ऐकली?"

शास्त्रातली वचनं त्यांना शेकडो पाठ होती, त्यातलं एकही त्या वेळी तोंडात आलं नाही. ते उठले आणि घरी आले. सगुणाबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नुसता त्यांचा हात हातात घेऊन बसली.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मंडळीच्या कारभारात त्यांच्या बरोबरीने असणारे 'वडील', आण्णा कोळगे यांना बोलावलं. आण्णा अंबरनाथच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, सफारी सूटमधले, शिस्तीचे गृहस्थ. पास्टरनी त्यांना सगळं सांगितलं, आणि म्हणाले, "उद्या मी मंडळीसमोर माफी मागणार आहे."

आण्णांनी चष्मा काढून पुसला. "पास्टर, मनातून पश्चात्ताप करा. पण माइकवरून नको. मंडळीचा मेंढपाळच मान खाली घालून उभा राहिला तर मेंढरं कुणाचं ऐकणार? आज गोजरबाई आहेत, उद्या आणखी कुणी रुसून बसेल. आणि माफी तरी कुणापुढे मागणार? बाई तर तिथे असणारच नाहीत."

ते शेवटचं बरोबर होतं. पास्टरना रात्रभर झोप लागली नाही. त्यांना आपला मान प्रिय होता, हे त्यांनी त्या रात्री देवापुढे कबूल केलं. तेवीस वर्षं विटेवर वीट ठेवून तो जमवला होता.

रविवारी पावणेदहाला चिमी नावाची बराकीतली सून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली भाकर घेऊन वर आली. "आजींनी दिली," म्हणाली आणि पळत खाली गेली, कारण तिलाही पाण्याची भांडी लावायची होती. भाकर अजून कोमट होती. पास्टरनी ती मेजावर ताटात ठेवली, अंगावर पांढरा झगा चढवला आणि उपासना सुरू केली. गाणी झाली. प्रार्थना झाली. साडेदहा वाजले. उपदेशाऐवजी पास्टर मेजाजवळ येऊन उभे राहिले आणि नेहमीच्या शब्दांनी म्हणाले, "ज्याचं कुणाशी वाकडं असेल, त्याने..."

तिथेच ते थांबले. माइक त्यांनी खाली ठेवला.

"त्याने आधी समेट करावा, असं मी तुम्हाला तेवीस वर्षं सांगत आलो," ते नुसत्या आवाजात म्हणाले. "आज मला ही भाकर मोडायचा अधिकार नाही. गोजरबाईंना मी या जागेवरून हसलो, आणि तुम्हालाही हसायला लावलं. त्या उठल्या होत्या त्या माझ्या घरचं पाणी भरायला. माझ्या बायकोचा पाय मोडल्यापासून आमच्या घरातला प्रत्येक थेंब त्यांनी भरलाय. ज्या पाण्याने आंघोळ करून मी स्वच्छ होऊन इथे उभा राहिलो, ते पाणीसुद्धा त्यांचं होतं. मी आता त्यांच्याकडे चाललो आहे. कधी परत येईन सांगता येत नाही. भाकर झाकून ठेवा."

एवढं बोलून ते झग्यासकट जिना उतरले. हॉलमध्ये कुणाला काय करावं कळेना. प्रभुभोजन अर्ध्यावर टाकून पास्टर गेल्याचं कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मागून खडखडाट झाला. सगुणाबाई खुर्चीवरून उठली होती आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या कीर्तीच्या खांद्यावर हात टाकून, प्लास्टरचा पाय उचलत, जिन्याकडे निघाली होती. पास्टर एकटे जातील तर जावोत, पण मोडक्या पायाची पाळकीणबाई एकटी जिना उतरते म्हटल्यावर कोण बसून राहणार? दोघे उठले, मग दहा उठले, मग सगळेच.

गल्लीत हरेशभाई खुर्ची टाकून बसले होते. पांढऱ्या झग्यातले पास्टर अनवाणी पुढे, आणि मागून रविवारच्या कपड्यांतली साठ माणसं, हे पाहून ते ताडकन उठले. "अरे फादर! पाय में चप्पल नाय, किधर चालला? कोई लफडा हुआ क्या?"

"माफी मागायला, हरेशभाई."

"तो मी पण येतो, साईं," हरेशभाई म्हणाले. कुणाची, कशाची माफी, ते त्यांनी विचारलंही नाही.

नळावर गोजरबाईंनी नुकताच दुसरा हंडा लावला होता. गल्लीच्या तोंडाशी ही सारी वरात पाहून त्या पाटावरून अर्ध्या उठल्या. पास्टर त्यांच्यासमोर येऊन थांबले. आवाज त्यांनी मुद्दाम मोठा केला, मागच्या माणसालाही ऐकू जाईल एवढा.

"गोजरबाई शिरसाट," ते म्हणाले, "मी भरल्या मंडळीत तुम्हाला हसलो. ती माझी चूक होती. तुम्ही देवाचं काम करत होता आणि मी देवाच्या कामाच्या गप्पा मारत होतो. सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

त्यांनी हात जोडले. मागून एक म्हातारी म्हणाली, "मी बी हसले, बाई. चुकलंच." मग "आम्हीपण," "मीपण" असे आवाज उठले, आणि गल्लीत नुसता गलका झाला. हसलेली पोरंसुद्धा आयांच्या पदराआडून बघत होती.

गोजरबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. काही बोलतील असं वाटलं, आणि त्या एकदम ओरडल्या, "अवं, हंडा भरून वाहतोय! सरका ना! साडेअकराला पाणी जाईल आन तुमी सगळे नळावर उभे!"

मग काय, बाईंनी हुकूम सोडले आणि मंडळीने ते मानले. कुणी आंधळ्या म्हातारीच्या कळश्या पोचवल्या, कुणी चिमीच्या बादल्या. शिरगावहून आलेली पोरं ओळीने उभी राहून हंडे हातोहात पुढे देऊ लागली. आण्णा सगळ्यांत शेवटी पोचले. त्यांच्या एका हातात पास्टरच्या चपला होत्या. चपला त्यांनी पास्टरच्या पायाशी ठेवल्या, कुणी काही म्हणायच्या आत हिरवी नळी उचलली आणि नळाला लावली. गाठ सैल बसली. नळी सुटली आणि आण्णांचा सफारी गुडघ्यापर्यंत भिजला.

"उपासना आठ वाजता ठेवली तर काय बिघडेल?" आण्णा नळी दाबून धरत, कुणाकडेही न बघता म्हणाले.

"बदलापूरच्या लोकांना लवकर निघावं लागेल, आण्णा," पास्टर म्हणाले.

"उठतील लवकर. न उठायला काय झालं?"

साडेअकराला नळाने दोन आचके दिले आणि पाणी गेलं. तोवर गल्लीतलं एकही भांडं रिकामं नव्हतं. गोजरबाईंनी पाट उचलून भिंतीला लावला, तोंडावरून ओला हात फिरवला. पास्टर अजून तिथेच उभे होते. 'या' असं म्हणायची त्यांना हिंमत होत नव्हती.

"चला," गोजरबाई म्हणाल्या. "भाकर वाळंल."

जिन्याच्या पहिल्या पायरीशी त्या जराशा थांबल्या. सगुणाबाई त्यांच्यामागेच होती. तिने आपला हात त्यांच्या दंडाखाली घातला. कोण कुणाला आधार देत होतं ते सांगणं कठीण होतं, पण दोघी मिळून एकेक पायरी करत वर गेल्या. गोजरबाई आपल्या खुर्चीवर बसल्या. सगळ्यांचे कपडे भिजलेले होते आणि हॉलभर ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. पास्टरनी भाकरीवरचं फडकं काढलं, प्रार्थना केली आणि भाकर मोडली. ताट घेऊन ते पहिल्या ओळीपाशी आले.

गोजरबाईंनी आपला तुकडा घेतला, पण तोंडात घातला नाही. रीत अशी होती की पास्टरनी सगळ्यांना द्यायचं आणि शेवटी, मेजापाशी एकट्याने, आपल्या हाताने घ्यायचं. गोजरबाईंना ती रीत साऱ्या मंडळीहून जास्त ठाऊक होती.

"पास्तर," त्या म्हणाल्या, आणि शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी माफ केलंय. सगळ्यांनी ऐका. आता हात पुढं करा."

पास्टर गोंधळले. त्यांनी आण्णांकडे पाहिलं. नियमाचा माणूस तो, पण आण्णांनी भिजलेल्या सफारीकडे नजर वळवली आणि काही पाहिलंच नाही असं केलं. पास्टरनी ताट डाव्या हातात घेतलं आणि उजवा तळवा पुढे केला. तेवीस वर्षं त्या हाताने भाकर फक्त दिली होती.

गोजरबाईंनी आपल्या तुकड्यातला अर्धा मोडून त्यांच्या तळव्यावर ठेवला. पास्टरना काही म्हणायचं होतं, पण त्या खणखणीत आवाजातून एक शब्द फुटेना. त्यांनी खाली मान घालून तो तुकडा तोंडात घातला, आणि मग गोजरबाईंनी आपला खाल्ला.